धोंड्याच्या ताटात तरोटा

जावई ताटावरून उठला.

तसा तो पाय आपटत उठला नाही. हात जोडून, "पुरे झालं मामी," म्हणून मान खाली घालून उठला. पण ताटात अर्धी पुरणपोळी तशीच होती, तुपाची वाटी भरलेली होती, आणि हा जावई पहिल्या धोंड्याला आलेला होता. रुख्मिणी हातात पोळी घेऊन उभी होती, ती उभीच राहिली.

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. यंदा श्रावण दोन आले, त्यातला पहिला अधिक. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला बोलवायचं, पुरणाचे उकडलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, असं सगळीकडेच करतात. पण मेडशीला नानाजींच्या भावकीत एक रीत जास्तीची होती. पहिल्या धोंड्याच्या वेळी जावयानं आठवडाभर राहायचं, आणि भावकीतल्या प्रत्येक घरानं त्याला एकेक जेवण द्यायचं. शेवटच्या दिवशी सासूच्या हातचे धोंडे. रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण घालणाऱ्याला स्वतःला कधी आठवडाभर जावई व्हावं लागलं नसणार.

रुख्मिणीला मात्र या आठवड्याची केवढी हौस! योगिनी तिची थोरली लेक. वैशाखात लग्न झालं, आसेगावला दिली. जावई हरीओम, शेती करून जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवणारा, हसतमुख पोरगा. लग्नाच्या पंगतीत त्यानं जेवण असं चोपलं होतं की रुख्मिणीला तिथंच तो आवडून गेला. खाणारा माणूस मनात काही ठेवत नाही, असं तिचं साधं गणित. म्हणून आषाढापासूनच तिची तयारी सुरू झाली. अनारशांचं पीठ मुरवलं. घरचे गहू निवडून दळून आणले. ते पीठ आधी चाळणीनं चाळलं, मग जुन्या ओढणीच्या फडक्यातून चाळलं, आणि तरीही कोंड्याचा ठिपका दिसला म्हणून पुन्हा एकदा चाळलं. पोळी कशी पांढरीशुभ्र, तोंडात घातली की विरघळली पाहिजे. कोंडा सगळा गाईला.

आणि आता हा जावई अर्धी पोळी टाकून उठला होता.

"मान कमी पडला असन कुठंतरी," नानाजी ओसरीवर हळूच म्हणाले. नानाजींना जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण मानपान एवढंच सुचायचं.

"कमी कायले पडन? कालच्या दिवशी सपनाकडे श्रीखंड-पुरी झाली. परवा मोठ्या घरी शिरा. एकादशीले साबुदाना. पोराले पानी प्यायले लावलं नाई मी, चहा नाई त सरबत देल्लं."

"मंग काहून रुसला?"

तेच तर कळत नव्हतं. पहिल्या दिवशी हसत-खेळत आलेला पोरगा दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. चेहरा ओढलेला. बसल्या जागी सारखा चुळबुळ करायचा. भल्या सकाळी उठून एकटाच नाल्याकडं फिरायला जायचा आणि तासाभरानं येताना तोंड आणखीच उतरलेलं असायचं. तिकडं उभा राहून तो आईला फोन करत असणार, असं रुख्मिणीनं ठरवून टाकलं. काय सांगत असेल? पोळी जाड होती म्हणून? की योगिनीच पसंत नाही म्हणून? ही दुसरी शंका चुलत जाऊ सपनानं सोडली होती, अगदी सहज, सुपारी कातरता कातरता. ती सपना, तिच्या जिभेला हाड कधी नव्हतंच.

आणि रविवारी येणार होती उज्ज्वलाबाई.

उज्ज्वलाबाई म्हणजे हरीओमची आई, रुख्मिणीची विहीण. लग्नात पापड सादळलेले होते, हे तिनं हळद उतरेपर्यंत सगळ्या आसेगावला सांगितलं होतं. रविवारी धोंड्याच्या जेवणाला ती जातीनं येणार, आणि तिच्यासमोर तिचा लेक सासरच्या ताटावरून उठणार. मग ती काही इथं बोलायची नाही. गोड हसेल, वाण घेईल, आणि घरी गेल्यावर योगिनीला जन्मभर ऐकवेल. एवढं रुख्मिणीला स्वच्छ दिसत होतं. लेकीचं सगळं सासरपण त्या एका ताटावर येऊन टेकलं होतं.

तिनं योगिनीला गाठून विचारलं, "काय झालं व? भांडले का तुमी?"

"नाई."

"मंग?"

"काई नाई आई." आणि पोरगी लाल होऊन निघून गेली. जवळच उभ्या असलेल्या वैभवीला, म्हणजे धाकटीला, का कुणास ठाऊक पण हसू फुटलं. रुख्मिणीनं तिला रागानं पिठाचा डबा आणायला पिटाळलं.

शनिवारी सकाळी रुख्मिणी मोठं पातेलं मागायला शेजारी जैतुनबीकडे गेली. जैतुनबी आणि तिचा नवरा दिलावर, पिंजाऱ्यांचं घर. गाद्या भरायचा धंदा, आणि मागं थोडं शेत. दोन्ही घरांमध्ये एक बुटकी भिंत, तिच्यावरून वाट्या-पेले इकडून तिकडं जाता जाता भिंतीची वरची माती गुळगुळीत झालेली. योगिनी-वैभवी दोघी जैतुनबीच्या मांडीवर वाढल्या होत्या.

रुख्मिणी मागच्या दारानं आत शिरली आणि थबकली.

चुलीसमोर, गोणपाटावर मांडी घालून, तिचा जावई जेवत होता. हातात ज्वारीची भाकर, चांगली जाडजूड. ताटलीत हिरवी भाजी, शेजारी ताकाचा गडवा. आणि काय खात होता! लग्नाच्या पंगतीत खात होता तसा, कोपरापासून हात हलवत.

रुख्मिणीला आधी रडू आलं. आपल्या घरची पुरणपोळी नको, आणि शेजारी चुलीपुढं बसून भाकर! तिनं पदर तोंडाला लावला. हरीओम घाईनं उभा राहिला. तोंडात घास, हातात भाकरीचा तुकडा, बोलावं तर बोलता येईना.

"मामी, मी... आपलं..."

"काय कमी केलं जी आमी?" रुख्मिणीचा आवाज चिरकला. "काय चुकलं ते तोंडावर सांगा. असं शेजारी येऊन..."

"अव रुख्मिन, दम घे," जैतुनबी तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. "पोराले कायले रागावून राह्यली? काई रुसला-बिसला नाई तो. पोट बंद हाय त्याचं."

"काय हाय?"

"बंद हाय. आला तवापासून. तू त्याले गोडधोड खाऊ घालून घालून बूच लावून देल्लं, बाप्पा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. हरीओमनं डोळे मिटून घेतले. भुईनं पोटात घेतलं असतं तर तो खुशीनं गेला असता, पण त्याच्या पोटात आधीच जागा नव्हती.

मग जैतुनबीनंच सगळं सांगितलं, कारण जावई काही बोलायच्या अवस्थेत नव्हता. काल सकाळी फिरून येताना तो तिच्या दारात थांबला. भाकरीचा वास आला म्हणून. आणि स्वतःहून म्हणाला, 'खाला, एक भाकर द्या, आसेगावले मी रोज हेच खातो.' घरी असता तर रोजची ज्वारीची भाकर, पालेभाजी, शेतातली मेहनत. इथं आठवडाभर बसून मैदा, साखर, तूप, साबुदाणा. पाण्याचा घोट मागावा तर सरबत पुढं. आणि भरीस भर म्हणजे नानाजींच्या घरचा संडास अंगणातच, पत्र्याच्या दाराचा. तो बादली घेऊन उठला की नानाजी ओसरीवरून ओरडायचे, 'जवाईबुवा, पानी गरम पायजे का?' आणि सगळं अंगण माना वळवायचं. दुकानातून चूर्ण आणावं तर दुकानदारही भावकीतलाच. म्हणून नाला, म्हणून एकटं फिरणं.

रुख्मिणीनं सगळं ऐकलं. तिच्या डोळ्यात अजून पाणी होतं आणि ओठ मात्र थरथरायला लागले होते. शेवटी तिला आवरलंच नाही. ती भिंतीला टेकून हसली, हसता हसता खाली बसली. रुसला नव्हता! योगिनीही नापसंत नव्हती! नुसता तुंबला होता! देवा नारायणा, एवढंच होय! तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती विसरूनच गेली, हलकं वाटायची गरज तिच्यापेक्षा दुसऱ्याला जास्त होती. ओढणीतून तीनदा चाळलेलं पीठ तिला आठवलं. सगळा कोंडा गाईच्या पुढ्यात गेला होता. त्या आठवड्यात त्या घरात कुणाचं पोट साफ असेल तर ते एकट्या गाईचं.

"भाजी कायची व?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"तरोट्याची. उकिरड्यामागं उगवला हाय, कवळाकवळा पाला. तेलात लसून टाकून परतली."

तरोटा! पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, बांधावर, उकिरड्यावर आपोआप माजणारा. पैसा ना कष्ट. रोजमजुरीवाल्यांच्या घरात शिजणारा, आणि रुख्मिणीच्या लहानपणी तिच्याही घरात शिजलेला. धोंड्याला आलेल्या जावयाला तरोटा वाढला असं कळलं, तर भावकी वर्षभर दात काढेल.

"बसा जवाईबुवा," ती म्हणाली. "जेवन पुरं करा. ताटावरून उठू नये."

घरी येऊन तिनं नानाजींना एका बाजूला घेऊन सांगितलं. नानाजींना खरी काळजी वाटली, पण ती भलत्याच गोष्टीची. "जवायाले तरोटा? लोकं काय म्हनतीन?"

"लोकांचं पोट साफ हाय, त्यायले काय होते म्हनाले."

मग त्या घरात चोरीचा मामला सुरू झाला. संध्याकाळी मागच्या खोलीचं दार लावून, रुख्मिणीनं स्वतः थापलेली भाकर, तरोट्याची भाजी, सालासकट मुगाचं वरण, आणि झाडावरची पिकलेली पपई जावयासमोर ठेवली. मनुका भिजत घातल्या. गरम पाण्याचा तांब्या उशाशी. ओसरीवर नानाजी पहाऱ्याला बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "जवाई झोपले." जावई संडासाकडं जाताना कुणी मान वळवायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. योगिनी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी सांगनार होती व आई, पन तुह्या जवायानं शपथ घातली होती." आणि त्या रात्री हरीओम पहिल्यांदा दोन शब्द जास्त बोलला. मात्र जे व्हायचं ते अजून काही झालेलं नव्हतं.

रविवार उजाडला. तरीही नाही.

एस.टी.तून उज्ज्वलाबाई उतरल्या. छत्री, पिशवी आणि नजर, तिन्ही जय्यत. लेकाला पाहताच म्हणाल्या, "काय रे हरी? तोंड काहून उतरलं तुह्यं?" आणि उत्तरासाठी रुख्मिणीकडं पाहिलं. रुख्मिणी नुसती हसली आणि आत पळाली.

स्वयंपाकघरात वाफ कोंदली होती. धोंडे उकडून तयार, पांढरेशुभ्र, गुबगुबीत. बाहेर भावकी दाटीवाटीनं बसलेली. मधे पाट, त्याभोवती रांगोळी, आणि चांदीचं ताट. रुख्मिणी त्या ताटाकडं बघत राहिली. आता धोंडे वाढले तर पोरगा एकतर खाऊन आणखी हैराण होणार, नाहीतर सगळ्यांदेखत नाही म्हणणार. आणि तरोटा वाढला तर सगळ्यांसमोर सासूची शोभा. मग तिनं एकदम पदर खोचला. नाक माझं कापलं गेलं तरी चालेल, पोराचं पोट आणि पोरीचं नाव राहिलं पाहिजे.

तिनं चांदीच्या ताटात ज्वारीची भाकर ठेवली. शेजारी तरोट्याची भाजी, वाटीत ताक. ताट घेऊन ती बाहेर आली आणि जावयासमोर ठेवलं.

सपनाच्या हातातली सुपारी घरंगळली.

"हे काय विहीनबाई?" उज्ज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा तो शांतपणा फार वाईट होता. "माह्या पोराले पह्यल्या धोंड्याले तरोटा?"

हरीओमनं तोंड उघडलं. आता तो सगळं बोलून टाकणार, असं रुख्मिणीला दिसलं. चारचौघांत, भावकीसमोर, पोट बंद असल्याचं. आणि मग ते मेडशीपासून आसेगावपर्यंत त्याला चिकटून बसेल. ती पटकन मधे पडली.

"आमच्या माहेरची रीत हाय जी."

"माहेर कोनतं तुमचं?"

"रिसोडाकडलं."

"रिसोडात माह्यी मावशी देल्ली हाय. तिनं त कधी सांगतलं नाई."

"सगळ्यायची नाई, आमच्याच घराची हाय." रुख्मिणीच्या कपाळावर घाम आला होता, पण जीभ सुटली ती सुटलीच. "जवाई म्हंजे नारायन. पन नारायनाले पाहुना केलं, त दोन दिस मानपान घेते अन् जाते. त्याले घरचा केला त राह्यते. म्हून आमी पह्यले घरची भाकर वाढतो. रोज जे आपन खातो ते. भाकर खाल्ली म्हंजे तो आमचा पोरगा झाला. मंग पोराले धोंडे."

हे आपल्या तोंडून कुठून आलं, हे तिचं तिलाच कळलं नाही. पण बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की यातलं माहेर सोडलं तर खोटं काही नव्हतं. हरीओमनं तिच्याकडं पाहिलं. त्यानं भाकर मोडली, भाजी घेतली आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. पुरी भाकर खाल्ली, ताक प्याला, वर गरम पाणी प्याला. भावकी नुसती बघत होती. उज्ज्वलाबाईंच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

रुख्मिणी धोंड्यांची परात घेऊन वाकली. आणि तेवढ्यात हरीओमचा हात हवेत थांबला. तो कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखा बसला. डोळे मोठे झाले.

आणि जावई ताटावरून उठला.

"अव माय," सपना म्हणाली.

तो आधी चालला, मग झपझप चालला, मग अंगणातून चक्क पळाला. पत्र्याचं दार धाडकन लागलं.

ओसरीवर सुई पडली तरी ऐकू आली असती, आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून नानाजी एकदम मोठ्या आवाजात सोयाबीनवर बोलायला लागले. यंदाची पेरणी, तुरीची ओळ, फवारणी, खोडमाशी. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं योग्य वेळी योग्य ते केलं. उज्ज्वलाबाई ताठ बसल्या होत्या. "काहून उठला तो?" त्यांनी विचारलं.

"येतीन ते," रुख्मिणी म्हणाली. तिच्या छातीत आनंद मावत नव्हता. टाळ्या पिटाव्या, फुगडी घालावी, असं वाटत होतं. तिनं शेजारी उभ्या योगिनीच्या पाठीत आनंदानं असा धपका घातला की पोरगी ठसकली. "धोंडे झाकून ठेव व. गरम राह्यले पायजे."

बुटक्या भिंतीवरून जैतुनबीचं डोकं वर आलं. तिनं भुवया उडवून विचारलं. रुख्मिणीनं मान हलवून सांगितलं. जैतुनबीनं दोन्ही हात आभाळाकडं पसरले आणि पुन्हा खाली गेली.

नानाजींची खोडमाशी संपून उंटअळी सुरू झाली, तेव्हा पत्र्याचं दार उघडलं. हरीओमनं हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि तो आला. चेहरा असा खुलला होता की उज्ज्वलाबाईही बघत राहिल्या. तो पाटावर ऐसपैस बसला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "मामी, आता वाढा धोंडे."

आणि काय जेवला! धोंडा फोडला की तूप, तूप संपलं की धोंडा. रुख्मिणी वाढत होती, तो खात होता, आणि भावकी अवाक झाली होती. अनारशांचं वाण त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि सासूच्या पाया पडला. पाया पडताना हळूच म्हणाला, "मामी, तुमच्या माहेरची रीत लय चांगली हाय."

पाहुणे पांगल्यावर रुख्मिणी भांडी आवरत होती. उज्ज्वलाबाई आत आल्या. दार लोटून घेतलं. रुख्मिणीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. आता बोलणार.

उज्ज्वलाबाई चुलीजवळ खाली बसल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "विहीनबाई, या महिन्यात मीबी तीन-चार घरी जेवून आली. पुरनच पुरन."

"हो जी."

"ते तुमची रीत..." त्या थांबल्या. आवाज एकदम खाली आला. "ते फक्त जवायालेच हाय, का विहिनीलेबी चालते?"

रुख्मिणीनं त्यांच्याकडं पाहिलं. हसली नाही, पण ते किती कष्टानं, हे तिलाच ठाऊक. तिनं मुकाट्यानं तवा चुलीवर ठेवला, पीठ घेतलं, न चाळता, आणि भाकर थापायला लागली. गरम भाकर, तरोट्याची उरलेली भाजी, ताक. दोघी विहिणी चुलीसमोर बसून जेवल्या. अर्ध्या भाकरीवर असताना उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "रुख्मिनी, हे भाजी योगिनीले येते ना करता?"

"येते."

"मंग तिले सांग, घरी आली का करजो म्हना."

विहीनबाईची रुख्मिनी कधी झाली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळच्या एस.टी.त नानाजींनी वाणाची पाटी वर चढवली तेव्हा अनारशांवर तरोट्याची ही मोठी जुडी बांधलेली होती. बसमधल्या कुणीतरी कौतुकानं विचारलं. सपना निरोप द्यायला आली होती, तिनंच खालून सांगितलं, की रिसोडाकडं ही रीत फार जुनी आहे.